लुकलुकणाऱ्या टीव्हीची फिर्याद

मी टीव्ही बोलतोय. आठ वर्षं मी दुसऱ्यांचंच बोललो. बातम्या दुसऱ्यांच्या, भांडणं दुसऱ्यांची, साबणाची तारीफसुद्धा दुसऱ्यांचीच. आज स्वतःचं बोलणार आहे आणि चिडून बोलणार आहे. गोड ऐकायची सवय असेल त्यांनी खुशाल उठून जावं.

माझ्यावर लुकलुकण्याचा आळ आला. त्यापायी मी थपडा खाल्ल्या, दोनदा पोट उघडून घेतलं आणि शेवटी भिंतीवरून उतरलो. मला मात्र काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. दोष होता माझ्या शेजारच्या स्विचबोर्डात. तिथला एक स्क्रू जेवढा पिळायला हवा तेवढा पिळला गेला नव्हता. घरातल्या दोघांना आणि बाहेरच्या एकाला हे कळलं होतं. तिघंही मूग गिळून गप्प बसले. का बसले, ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागून सुरुवात करायला हवी.

एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. माझा शेवटचा स्क्रू हातमोजे घातलेल्या एका बाईनं पिळला. ती मान वर न करता दिवसाला शेकडो स्क्रू पिळायची, पण प्रत्येक स्क्रू 'कट्' म्हणेपर्यंत. मग मला एका खोलीत सलग चालू ठेवलं, लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवायला लावले, आणि मी पास झालो. हे मुद्दाम सांगतोय. पुढे ज्यांनी मला 'डबडं' म्हटलं त्यांना ठाऊक नसेल, म्हणून.

दुकानात आम्ही तीस जण एका भिंतीवर होतो आणि तिसांच्या तिसांत एकच मासा पोहत होता. लोक यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "ह्याचा मासा जास्त निळा आहे." अहो, मासा एकच होता. माणसांच्या पारखीबद्दल माझं मत वाईट झालं ते तिथेच.

मला ज्यांनी निवडलं त्यांनी माशाकडे पाहिलंच नाही. त्यांनी दुकानदाराला मला पाठमोरा करायला लावलं, मागची जाळी बघितली, वायर बोटांतून सरकवली, पिन हलवून पाहिली आणि म्हणाले, "हा द्या." एका मोठ्या कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन म्हणून काम करून ते त्याच आठवड्यात निवृत्त झाले होते. मी त्यांना वायरमनच म्हणतो. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली तेच लिहिलेलं होतं आणि ते त्यांना नावापेक्षा जास्त प्रिय होतं.

घरात चार माणसं. वायरमन, त्यांची बायको, मुलगा आणि सून. बायकोला मी आजी म्हणतो. घरात नातवंड नव्हतं, मग कुणीतरी म्हणायला हवं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, उगाच खोटं कशाला बोलू? माझ्याबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक वायरमननी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. असं करणारा दुसरा माणूस मी ऐकलेला नाही. माझी काच ते स्वतः पुसायचे, जुन्या मलमलच्या तुकड्यानं, वरून खाली. सून एकदा ओला फडका घेऊन आली तर तिला अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं.

आजींना मालिका आवडायच्या नाहीत. त्यांना जंगलातली जनावरं बघायला आवडायचं. बघायच्या म्हणजे काय, त्यांच्याशी बोलायच्याच. सिंहावर तर त्यांचा फार राग. "आळशी मेला. बायकांनी धावून धावून शिकार आणायची आणि हा आयता पुढे येऊन बसतो." हे म्हणताना त्या वायरमनकडे बघायच्या, आणि वायरमन पेपर जरा वर धरायचे.

सहाव्या वर्षी वायरमनना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र कापायला लागला तो कायमचाच. कपबशी हातात घेतली की वाजायची. मग एक दिवस कपबशी जाऊन त्यांच्यापुढे पेला यायला लागला, तोही अर्धाच भरलेला. बटणांचे शर्ट जाऊन गळ्यातून घालायचे आले. वर्तमानपत्र टेबलावर पसरून ठेवलेलं असायचं, म्हणजे हातात धरायला नको. हे सगळं गुपचूप झालं. त्या घराची रीतच अशी पडली की हाताबद्दल बोलायचं नाही. हात कापायला लागला की तिघांनी तिकडून नजर काढून माझ्याकडे बघायचं. माझ्यावर काय चाललंय याच्याशी कुणाचा संबंध नसायचा. मी जाहिरात दाखवत असलो तरी तिघं डोळे फाडून बघायची.

पुढच्या वर्षी आजी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्या वॉकरशिवाय उभ्या राहू शकत नाहीत. वॉकर हाताशी असला तरी खुर्चीतून उठवायला दुसरं माणूस लागतं. त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत खिडकीपाशी आली, म्हणजे उजेड मिळेल आणि रस्ता दिसेल. आता मी त्यांच्या समोर यायला हवा होतो, आणि त्या भिंतीवर स्विचबोर्ड नव्हता.

मुलगा म्हणाला, "बाबा, चिमट्याला बोलावू का? तासाभरात करून जाईल."

चिमटा म्हणजे टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानाचा मालक. पंचेचाळिशीचा असेल. तरुणपणी वायरमनच्या हाताखाली शिकला, तेव्हा काडीसारखा होता, म्हणून हे नाव पडलं. आता पोट सुटलंय, तरी नाव तेच.

वायरमननी पेपरवरून मान वर केली. "ह्या घरात माझ्याशिवाय कुणी टेस्टर धरलेला नाही."

सुनेनं मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "बरं बाबा, तुम्हीच करा."

दोन दिवस लागले. मी सोफ्याला टेकून सगळं बघत होतो. त्यांनी भिंतीत खाच पाडली, पाइप बसवला, वायरी ओढल्या, आणि खोटं कशाला सांगू, आखणी इतकी नेटकी होती की बघत राहावं. आजींच्या खुर्चीपासून दोन हातांवर, खिडकीच्या पडद्याशेजारी, बोर्ड बसला. शेवटी वायरी सॉकेटात घट्ट करायच्या होत्या. स्क्रू तीनदा हातातून पडला. तिन्ही वेळा ते गुडघ्यावर बसून शोधत राहिले आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. बाकीचे स्क्रू बसले. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जायच्या वायरीचा, स्क्रू कोपऱ्यात होता, तिथे मनगट वळवावं लागत होतं. मी कान लावून होतो. तो 'कट्' म्हणालाच नाही. वायरमननी घाम पुसला, बोर्ड बंद केला आणि बटण दाबलं. मी लागलो.

"वा बाबा," मुलगा म्हणाला, "हात अजून तसाच आहे."

हे त्या घरातलं पहिलं खोटं. पुढची सगळी ह्याच्याच पोटची.

महिन्याभरात सुरुवात झाली. सकाळी सून माझ्याखाली टेबल ओढून कपड्यांना इस्त्री करायची. इस्त्रीची पिन माझ्या शेजारच्या सॉकेटात. इस्त्री तापायला लागली की तो ढिला स्क्रू गरम व्हायचा, वायर जागच्या जागी थरथरायची, आणि माझ्यापर्यंत वीज तुटत तुटत यायची. मी काय करणार? उजेड जायचा, यायचा, जायचा. मला दुसरी भाषा येत नाही.

मुलगा उठला आणि त्यानं माझ्या पाठीत एक ठेवून दिली. का, तर त्याच्या लहानपणी घरात जो टीव्ही होता तो थापट मारल्यावर चालायचा. त्या टीव्हीच्या पोटात काचेची नळी होती, मोकळ्या वायरी होत्या, हलवलं की काहीतरी जुळत असेल. माझ्या पोटात काय आहे हे न विचारता मला त्याच हिशोबानं मारलं. माणूस डॉक्टरकडे गेला आणि डॉक्टरनं आधी थोबाडीत मारली, तर चालेल का तुम्हाला?

मग उपाय सुरू झाले. रिमोटचे सेल बदलले. रिमोटचा आणि लुकलुकण्याचा काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून फुंकर मारून परत लावली. मग बॉक्सच बदलला. मग कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, "टीव्ही बंद करून पुन्हा चालू करा." बंद करून चालू केला. "आता कसा आहे?" "तसाच आहे." "मग एकदा बंद करून पुन्हा चालू करा." असं चार वेळा. पाचव्यांदा तिनं विचारलं, आमच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का, आणि हा शहाणा 'हो' म्हणाला.

शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांना सगळे 'सर्वज्ञ' म्हणतात, अर्थात पाठीमागे. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून, हनुवटी खाजवून सांगितलं की याचं सॉफ्टवेअर बसलंय. कुठे बसलंय, ते नाही सांगितलं. चहा मात्र बसून प्यायले.

वायरमनही रोज माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. केबल बघायचे, माझी पाठ चाचपायचे, मान हलवायचे. शेजारच्या बोर्डाकडे त्यांचं लक्षच जायचं नाही. स्वतः बसवलेल्या बोर्डावर संशय घ्यायचा, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. बत्तीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

सुनेच्या मात्र लक्षात आलं. एका सकाळी तिनं बघितलं की मी लुकलुकतो त्याच क्षणी इस्त्रीचा लाल दिवाही लुकलुकतो. ती थांबली. तिनं बोर्डावर तळहात टेकवला आणि पटकन मागे घेतला. मला वाटलं, सुटलो. ह्या घरात एकीला तरी डोळे आहेत.

ती स्वयंपाकघरात गेली. तिथलं सगळं मला ऐकू येतं. नवऱ्याला म्हणाली, "बोर्ड चटका बसेल इतका तापलाय. आत काहीतरी ढिलं राहिलंय."

त्यानं गॅस बारीक केला. मग म्हणाला, "बाबांनी बसवलाय तो."

"माहितीये. म्हणून तर तुला सांगतेय."

"त्यांना कसं सांगणार? तो बोर्ड बसवल्यापासून कुठे जरा हसायला लागलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात."

"मग?"

"तू इस्त्री आतल्या खोलीत कर. आणि टीव्ही एकदा चिमट्याला दाखवू. म्हातारा झालाय तोही."

तोही. म्हणजे मी. आठ वर्षं कुरबूर न करता राबलो आणि एका वाक्यात म्हातारा झालो, कारण घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला म्हातारा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

चिमटा आला. वायरमन हात पाठीमागे बांधून उभे होते. चिमट्यानं माझी पिन सॉकेटातून ओढली आणि उजेडात धरली. पिनेचा एक पाय काळा पडला होता. लहान मुलालाही कळलं असतं. चिमट्यानं पिन बघितली, बोर्ड बघितला, मग आपल्या गुरूचे पाठीमागे बांधलेले हात बघितले.

"पॅनल असेल, उस्ताद," तो म्हणाला. "दुकानात नेऊन बघतो."

दाराबाहेर मी त्याच्या काखेत होतो. मुलगा पोहोचवायला आला होता. चिमटा हळूच म्हणाला, "दादा, ते सॉकेट..."

"मला माहितीये."

"मग?"

"नको. बाबांना लागेल."

"हो, ते आहेच," चिमटा म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

चार दिवस मी त्याच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होतो. एकदाही पापणी लववली नाही. चिमटा समोर बसून चहा प्यायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा. तरी त्यानं माझं पोट उघडलं, धूळ झटकली, बंद केलं. पिन घासून चकचकीत केली. पुरावा पुसला म्हणा ना. घरी आणून मला लावलं, दोन दिवस बरे गेले, आणि तिसऱ्या दिवशी, इस्त्री आत गेली होती तरी, पुन्हा सुरू; आतली वायर एव्हाना करपली होती. पुन्हा दुकान, पुन्हा पोट उघडणं. ह्या खेपेला त्यानं येऊन सांगितलं, "उस्ताद, ह्याचं वय झालं."

वायरमननी माझ्याकडे बघितलं. "पिन हलवून घेतला होता रे मी हा," एवढंच म्हणाले. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडताना मी समोरून बघितलाय. थापट खाल्ली तेव्हा नाही इतकं ते लागलं.

मग थंडी पडली आणि गोष्ट माझ्या अब्रूपुरती राहिली नाही.

आजींचे गुडघे थंडीत धरायचे. वायरमननी माळ्यावरून हीटर काढायला लावला आणि स्वतः त्या बोर्डात लावला. मुलगा घाईघाईनं म्हणाला, "बाबा, हीटर आतल्या खोलीत लावू, आईला आत बसवू."

"का? इथे काय झालं?"

"नाही, म्हणजे... लोड येईल."

"मी बसवलेला बोर्ड आहे. हीटर काय, गिरणी चालव त्याच्यावर."

मला वाटलं होतं आता तरी तोंड उघडतील. दोघांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं, आणि मी अंगात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून लुकलुकलो. "घ्या, झालं ह्याचं सुरू," मुलगा म्हणाला.

आता नीट ऐका, म्हणजे माझा राग कळेल. दुपारी मुलगा आणि सून कामावर. वायरमन तीनला फिरायला जातात, साडेचारला येतात. त्या दीड तासात घरात आजी एकट्या. पायांशी हीटर. दोन हातांवर तो बोर्ड, आत वायरीचं आवरण भाजून फुगत चाललेलं. बोर्डाला टेकून पडदा. आणि आजींना दुसऱ्याच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. माझ्यावर जंगल चालू असायचं, आजी हरणाला सांगत असायच्या, "अगं बाई, पळ." मी त्यांना तेच सांगायचा प्रयत्न करत होतो. हरणाला निदान पाय होते.

एकदा आजी संध्याकाळी म्हणाल्या, "दुपारी काहीतरी करपल्याचा वास येतो."

"शेजारचं असेल, आई," सून म्हणाली. म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून दर दुपारी फोन करायला लागली. आई, बऱ्या आहात ना, वास येत नाही ना. काळजीनं तिची झोप उडाली होती, हे मला दिसत होतं. सासऱ्यांना एक वाक्य सांगायचं सोडून बाकी सगळं करायची तिची तयारी होती. ह्याला तुम्ही माया म्हणता. मी काय म्हणतो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

शेवटी त्यांना काय उपाय सुचला असेल? नवा टीव्ही आणला.

मला उतरवलं आणि आत जायच्या बोळात भिंतीला टेकवलं, खोलीकडे तोंड करून. माझ्या जागी तो आला. माझ्याहून मोठा, माझ्याहून सपाट. मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याला काय माहीत कुठे आलाय ते.

तिसऱ्या दिवशी, सुट्टी होती, सकाळचे दहा वाजले होते, सगळे घरात. हीटर चालू होता. नवा टीव्ही लुकलुकला. एकदा. मग तीनदा.

मुलानं चिमट्याला फोन केला, तो आला, आणि आल्या आल्या मुलाकडे एक नजर टाकून म्हणाला, "आजकाल मालच असा येतो, उस्ताद. पीसमध्येच गडबड."

तेव्हा आजी बोलल्या. खुर्चीतून, आवाज न चढवता.

"अहो, दोन दोन टीव्ही एका भिंतीवर येऊन आजारी पडले. आता टीव्ही पुरे झाले. तो बोर्ड उघडा."

वायरमन म्हणाले, "बोर्ड मी बसवलाय."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दुसऱ्यानं बसवला असता तर ह्या चिमट्याला सांगितलं असतं."

वायरमन उठून उभे राहिले. मग त्यांनी मेन स्विच बंद केला. टेस्टर घेतला, वीज नाही याची खात्री केली, दोनदा केली, आणि स्टूल ओढून बोर्डासमोर बसले. चिमटा पुढे सरकला. आजी म्हणाल्या, "तू थांब." चार स्क्रू काढायला बराच वेळ गेला. हात कापत होता. त्या दिवशी मात्र कुणाला दुसरीकडे बघायची सोय नव्हती, कारण टीव्ही बंद होता.

बोर्ड बाहेर आला. सॉकेटची पाठ वितळून लोंबत होती. न्यूट्रलची वायर बोटभर काळी झाली होती. पडद्याच्या कडेला तपकिरी डाग पडला होता, तो वायरमननी चिमटीत धरून बघितला. कापड हातात चुरलं.

ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच म्हणाले, "चिमट्या, पिन तूच बघितली होतीस ना?"

"हो उस्ताद."

"काळी होती?"

"...होती."

"पिन काळी दिसली तर काय करायचं शिकवलं होतं?"

"सॉकेट उघडायचं."

"मग?"

"तुमचं काम होतं, उस्ताद."

वायरमननी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, विचारायची गरज नव्हती. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग वाटू द्यायचं. वाईट वाटून कुणी जळत नाही." त्यांनी जळलेलं सॉकेट दोघांपुढे धरलं. "कारखान्यात वीस पोरं होती माझ्या हाताखाली. चुकलं की मी सगळ्यांदेखत झापायचो. माझं चुकलं तर मला झापा म्हणायचो, आणि झापायची ती. म्हणून बत्तीस वर्षांत एक माणूस गेला नाही. आणि इथे ही बाई बसते. हिला उठता येत नाही. तुम्हाला ठाऊक होतं."

"बाबा..."

"माझा हात गेलाय. डोकं जाग्यावर आहे. पेला अर्धा भरता, ते मला दिसतं. दिसू देत होतो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. पण हे?"

आजींनी डोळ्यांना पदर लावला. मुलगा खाली मान घालून उभा होता. आणि बोळात टेकवलेल्या मला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याइतकंच चिडलेलं कुणीतरी त्या घरात दिसलं.

नवं सॉकेट चिमट्यानं बसवलं. वायरमन शेजारी उभे राहून सांगत होते. घट्ट. अजून घट्ट. वायर ओढून बघ. त्या दिवशी ते दोघे बऱ्याच वर्षांनी गुरू-शिष्यासारखे बोलले. नवा टीव्ही लागला आणि लागलेलाच राहिला. मुलानं बापाचे पाय धरले, बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, सुनेनं चहा केला, आणि वायरमनचा पेला काठोकाठ भरून आला. सांडला थोडा. सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली.

माझी कुणी मागितली नाही. बोळातून जाता-येता चिमट्याची पिशवी माझ्या कोपऱ्याला लागली, तर त्यानं पिशवी फाटली का ते बघितलं.

घरात दोन टीव्हींना जागा नव्हती. चिमटा मला दुकानात घेऊन जाणार होता, जमेल तसा विकायला. दुसऱ्या दिवशी तो न्यायला आला तेव्हा वायरमन म्हणाले, "थांब." त्यांनी मला नव्या सॉकेटावर लावलं आणि पूर्ण दुपार समोर खुर्ची टाकून बसले. फिरायला गेले नाहीत. शेजारी हीटर चालू ठेवला. आजींनी जंगल लावायला सांगितलं. सिंह आला. आजी त्याला काही बोलल्या नाहीत. मी एकदाही लुकलुकलो नाही.

कारखान्यात त्यांची एक पद्धत होती. यंत्र तपासून झालं की त्याच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीवर लिहायचं, काय निघालं ते, आणि खाली सही. संध्याकाळी त्यांनी तशी पट्टी आणि मार्कर मागवला. सून म्हणाली, "बाबा, मी लिहू का?" ते म्हणाले, "नको, मीच लिहितो." लिहायला त्यांना खूप वेळ लागला. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, काही ठिकाणी दोनदा गिरवलेलं. पाठीवर असल्यामुळे मला वाचता येत नव्हतं. चिमट्यानं उचलताना मोठ्यानं वाचलं, तेव्हा कळलं.

'तपासला. टीव्हीत दोष नाही. दोष वायरिंगचा होता. वायरिंग मी केलं होतं.' खाली नाव, आणि नावाखाली 'वायरमन'.

सध्या मी चिमट्याच्या दुकानात फळीवर आहे. राग अजून आहे. थापट मारणाऱ्यानं माझी काच एकदा पुसली असती तरी कमी झाला असता, पण तो काही आला नाही. गिऱ्हाईकं येतात, मला फिरवून बघतात, पट्टी वाचतात आणि विचारतात, ही काय भानगड आहे? चिमटा म्हणतो, पट्टीमुळे विकायला अवघड जातोय, पण काढत नाही. परवा एकजण नखानं खरवडायला लागला, तर त्याला त्यानं दुकानाबाहेर काढलं.

तुमच्या घरात मला जागा असेल तर या. मी चांगला टीव्ही आहे. मला पुढून पुसा, मागून झाडा, नकोसा झालो की विका. ती पट्टी तेवढी काढू नका.